उन्हाळी हवामान, अपसामान्य : बागांवरील परिणाम

एखाद्या स्थळाच्या उन्हाळ्यातील तापमान, पर्जन्य, वारा व आर्द्रता ही त्या स्थळाच्या दीर्घकालीन सरासरीपासून लक्षणीय प्रमाणात ढळली, तर त्या उन्हाळ्यास अपसामान्य म्हणतात. तीव्र व लवकर येणाऱ्या उष्णतेच्या लाटा, वळवाचा अवेळी व अतिरिक्त पाऊस, गारपीट आणि आधीच्या वर्षाच्या अवर्षणामुळे ओढवणारी पाणीटंचाई ही त्याची प्रमुख रूपे होत. महाराष्ट्राच्या पठारी भागात रब्बीची पिके मार्चपर्यंत निघालेली असतात आणि खरिपाची पेरणी जूनमध्ये व्हावयाची असते. त्यामुळे मधल्या काळातील हवामानाच्या लहरीपणाचा मुख्य भार फळबागा, फुलबागा व हिरवळी यांवरच पडतो. हंगामी पीक गेले, तर नुकसान एका हंगामाचे असते. फळझाड गेले, तर पाच-सहा वर्षांची मेहनत जाते, हा दोहोंतील फरक विसरता येत नाही.

अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचे नाव अहमदनगर) जिल्ह्यातील राहाता हा तालुका या विषयाच्या विवेचनासाठी विशेष सोयीचा आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, समुद्रसपाटीपासून सु. ५०० मी. उंचीवर वसलेल्या या भागात वर्षाकाठी सरासरी ५० सेंमी.च्या आसपास किंवा त्याहूनही कमी पाऊस पडतो. कोपरगाव, श्रीरामपूर व संगमनेर या तालुक्यांचे भाग एकत्र करून १९९९ मध्ये हा तालुका निर्माण झाला. त्याच्या उत्तर भागास नांदूर मधमेश्वर येथील बंधाऱ्यातून निघणाऱ्या गोदावरी उजव्या कालव्याचे पाणी मिळते. या कालव्यासाठी पाणी साठविणारे दारणा धरण १९१६ मध्ये पुरे झाले. लोणी, कोल्हार, बाभळेश्वर या दक्षिण भागास १९२६ मध्ये बांधून झालेल्या भंडारदरा धरणामुळे प्रवरा कालव्यांचा लाभ झाला. मधला उंचवट्याचा पट्टा मात्र दीर्घकाळ कोरडाच होता. निळवंडे धरणाच्या डाव्या कालव्यातून २०२३ मध्ये प्रथम पाणी सोडण्यात आले, तेव्हा त्यास काही दिलासा मिळाला. कालव्यांमुळे या काळ्या जमिनीत ऊस आला, मोसंबी आली आणि राहात्याचे नाव ज्याच्यामुळे बाजारात परिचित झाले तो पेरूही आला. पुढे द्राक्षे व डाळिंबे यांची भर पडली. शिर्डी याच तालुक्यात असल्याने गुलाब, झेंडू, शेवंती यांची फुलशेती आणि यात्रेकरूंसाठीच्या वसतिगृहांभोवतीच्या हिरवळी हेही येथील बागायतीचे भाग बनले आहेत.

उष्णतेच्या लाटा : भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या निकषानुसार मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४०° से. असून ते सरासरीपेक्षा ४.५° से. ते ६.४° से. इतके अधिक असेल, तर उष्णतेची लाट व त्याहूनही अधिक असेल, तर तीव्र लाट मानतात. तापमान ४५° से. ला पोहोचल्यास सरासरी काहीही असो, लाट समजली जाते. राहाता परिसरात मे महिन्याचे कमाल तापमान सामान्यतः ३८° ते ४०° से.च्या दरम्यान राहते आणि दुपारची सापेक्ष आर्द्रता २०–२५ टक्क्यांपर्यंत उतरते. हा नेहमीचाच उन्हाळा असून येथील झाडे त्यास सरावलेली असतात. झाडास बाधते ते उष्म्याचे अवेळी येणे. भारतात १९०१ पासूनच्या नोंदींत २०२२ चा मार्च हा कमाल तापमानाच्या दृष्टीने सर्वांत उष्ण मार्च ठरला. मेमध्ये सहन होणारे ४०° से. तापमान मार्चमध्ये सोसत नाही, कारण त्या वेळी पालवी कोवळी आणि मोहोर किंवा लहान फळे झाडावर असतात.

पाने बाष्पोच्छ्‌वासाने स्वतःस थंड ठेवतात. मुळांकडून येणारे पाणी कमी पडू लागले की, पर्णरंध्रे मिटतात. पाण्याची बचत होते, पण त्याबरोबरच कार्बन डाय-ऑक्साइडाचा प्रवेश थांबतो व पानाचे तापमान हवेपेक्षाही वर चढते. श्वसन मात्र चालूच राहते आणि साठविलेले अन्न खर्ची पडते. अशा स्थितीत झाड प्रथम फळांचा भार टाकून देते. आंबे बहाराच्या मोसंबीस एप्रिल-मेमध्ये लिंबाएवढी फळे असतात. लाटेनंतर चार-आठ दिवसांत झाडाखाली पडणारा त्यांचा सडा हा या प्रक्रियेचा दृश्य परिणाम होय. डाळिंबावर पश्चिमेकडील उन्हाच्या बाजूने तपकिरी चट्टे पडतात. खोडाची साल उकलून तेथे खोडकिडा व बुरशी यांना वाट मिळते. खोडास बोर्डो मलम किंवा चुना लावण्याची जुनी पद्धत केवळ शोभेची नाही; पांढरा रंग ऊन परावर्तित करतो.

जमिनीचा वाटा येथे मोठा आहे. राहात्याच्या खोल काळ्या मातीतील चिकणद्रव्य वाळताना आकसते व हात-दीड हात खोल भेगा पडतात. या भेगांमुळे पृष्ठाखालची मातीही उघडी पडून वाळते आणि पेरूसारख्या झाडाच्या अन्नशोषक तंतुमुळ्या अक्षरशः तुटतात. वखराची एक हलकी पाळी भेगा बुजविते. तिच्यावर उसाच्या पाचटाचे १० ते १५ सेंमी. जाडीचे आच्छादन केल्यास मातीचे तापमान बरेच खाली राहते. या तालुक्यात पाचट मुबलक असूनही त्याचा मोठा भाग शेतातच जाळला जातो, ही गोष्ट खेदाची आहे. कालव्याच्या पाण्याखालील खोलगट जमिनींत आणखी एक अडचण उद्भवते. तीव्र उन्हाने भूपृष्ठाचे पाणी उडून गेले की, खालचे पाणी केशाकर्षणाने वर येते व आपल्याबरोबरचे क्षार पृष्ठाजवळ सोडते. त्यामुळे लाटेच्या काळात अशा जमिनींतील झाडांची पाने कडेने करपलेली दिसतात, तेव्हा दोष उन्हास दिला जातो. वास्तविक तो निचऱ्याच्या अभावाचा असतो. कालव्यांखालील जुन्या मोसंबीच्या बागांचा ऱ्हास झाला, त्याच्या कारणांत जमिनी पाणथळ व क्षारयुक्त होणे हे एक प्रमुख कारण होते.

वळवाचा पाऊस व बहार : अपसामान्य उन्हाळ्याचा सर्वांत गुंतागुंतीचा परिणाम पेरूच्या बहारावर होतो. पेरूस (सिडियम ग्वाजावा) नव्या फुटीवर, पानांच्या बगलेत फुले येतात. पाणी चालू ठेवल्यास झाड वर्षभर थोडे थोडे फुटत व फुलत राहते. फळे तुरळक मिळतात व ती विक्रीस सोयीची नसतात. म्हणून झाडास ठरावीक काळ पाणी तोडून विश्रांती देतात. यास ‘ताण देणे’ म्हणतात. ताणाच्या काळात वाढ थांबते, फांद्यांत पिष्टमय पदार्थांचा साठा होतो, पाने पिवळी पडून काही गळतात. नंतर मशागत करून, खत देऊन, पहिले हलके पाणी (आंबवणी) व त्यानंतरचे दुसरे पाणी (चिंबवणी) दिले की, साठविलेल्या अन्नाच्या बळावर सर्व झाड एकदम फुटते व फुलते. फुलण्याच्या काळावरून आंबे बहार (फेब्रुवारी-मार्च), मृग बहार (जून-जुलै) व हस्त बहार (सप्टेंबर-ऑक्टोबर) असे तीन बहार मानतात.

राहाता भागात मृग बहार धरण्याचा प्रघात रुजला, त्यामागे चांगला हिशेब आहे. ताणाचे महिने एप्रिल-मेचे, म्हणजे कालव्याचे आवर्तन अनिश्चित व विहिरी तळाला गेलेल्या असण्याच्या काळातले; नेमके तेव्हाच बागेस पाणी नको असते. ताण तोडण्याचे काम पुष्कळदा मृगाचा पाऊसच करतो. फळ नोव्हेंबर ते जानेवारीच्या थंडीत पिकते. त्या वेळी त्याचा गर घट्ट, गोडी अधिक व क जीवनसत्त्वाचे प्रमाण चांगले असते. आंबे बहाराची फळे पावसाळ्यात पिकतात व फळमाशीच्या तावडीत सापडतात. पुण्याच्या गणेशखिंड येथील फळसंशोधन केंद्रात १९२७ मध्ये निवडलेला व लखनौ-४९ किंवा सरदार या नावाने प्रसिद्ध असलेला प्रकारही या पद्धतीस उत्तम मानवला.

या सर्व व्यवस्थेचा पाया मेचा कोरडेपणा हा आहे. तोच ढळला की, व्यवस्था कोलमडते. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात अरबी समुद्र व बंगालचा उपसागर यांवरून आलेली बाष्पयुक्त हवा तापलेल्या पठारावर वेगाने वर चढते, दुपारनंतर गडगडाटी मेघ तयार होतात व वळवाचा पाऊस पडतो. कोरडवाहू शेतकऱ्यास हा पाऊस हवासा वाटतो. रोहिणीचा पाऊस नांगरट फोडतो व विहिरींस उसासा देतो. शेजारच्याच बांधापलीकडे ताणावर असलेल्या पेरूस मात्र तो घातक ठरतो. एक सेंमी.पेक्षा कमी सर भेगाळलेल्या काळ्या रानात जिरून जाते व झाडास कळतही नाही. दोन-तीन सेंमी. पाऊस एकदम झाला, की मुळांचा वरचा थर भिजतो आणि आठ-दहा दिवसांत डोळे फुगू लागतात. फूट निघाल्यानंतर पुन्हा तीन आठवडे कोरडे ऊन पडले, तर कोवळी पालवी करपते, आलेली फुले गळतात आणि मृग बहारासाठी राखून ठेवलेले अन्न व्यर्थ जाते. जूनमध्ये खरा पाऊस येतो, तेव्हा झाडाजवळ देण्यासारखे फारसे उरलेले नसते. बहार विभागला जातो. एकाच फांदीवर फूल, सुपारीएवढे फळ व तयार फळ असा प्रकार दिसतो, तोडणी लांबते व प्रतवारी घसरते.

अशा वेळी बागाईतदाराचा निर्णय चार-पाच दिवसांत व्हावा लागतो. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातील पावसानंतर पुढे बराच उन्हाळा शिल्लक असतो; तेव्हा आळी उघडी करून, वखरणी करून ओल उडवून द्यावी व ताण पुन्हा बसवावा, हे बरे. पाऊस मेच्या अखेरच्या आठवड्यात झाला, तर त्याचाच बहार समजून खत द्यावे. पण यासाठी पुढील पाऊस लांबल्यास निदान दोन-तीन पाळ्या पुरेल एवढे पाणी विहिरीत किंवा शेततळ्यात हवे. दोहोंच्या मधल्या काळातील पाऊस सर्वांत अवघड असून त्याबाबत सरसकट नियम सांगता येत नाही. फुटीचे प्रमाण पाहून, पाव हिश्श्याहून कमी डोळे फुटले असल्यास ती फूट खुडून टाकणे प्रस्तुत लेखकास अधिक शहाणपणाचे वाटते.

सन २०२५ चा उन्हाळा हे याचे ठळक उदाहरण होय. त्या वर्षी मे महिन्यात महाराष्ट्रभर मोसमी पावसापूर्वीच असाधारण पाऊस झाला. मोसमी वारे २४ मे रोजी केरळात व २६ मे रोजी मुंबईत पोहोचले. मुंबईच्या उपलब्ध नोंदींत ते इतक्या लवकर कधीच आले नव्हते. अशा वर्षी भारी जमिनीतील बागांना पुरा ताण बसतच नाही. शिवाय काळी माती भिजून फुगली की, तिच्यातील हवेची जागा पाणी घेते व तंतुमुळ्या गुदमरतात. पेरूच्या मर रोगास अशी दीर्घकाळ ओली राहिलेली जमीन अनुकूल असते. द्राक्षवेलींवर तर परिणाम सहा महिन्यांनी दिसतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर निघालेल्या काड्यांमध्ये मे-जूनच्या लख्ख उन्हात सूक्ष्म घडनिर्मिती होते. आकाश सतत ढगाळ राहिले की, डोळ्यांत घडाऐवजी बाळी बनते आणि ऑक्टोबर छाटणीनंतर वेल हिरवागार परंतु वांझ निघतो. डाळिंबावरील तेलकट डाग हा जीवाणुजन्य रोगही पावसाच्या उडणाऱ्या थेंबांबरोबर पसरतो.

गारपीट : गडगडाटी मेघातील ऊर्ध्व प्रवाह जोरदार असल्यास अतिशीत जलबिंदू बर्फकणांवर गोठून गारा बनतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये उत्तरेकडील पश्चिमी विक्षोभांचा प्रभाव दक्षिणेकडे सरकला व त्यास समुद्रावरील बाष्प मिळाले, म्हणजे महाराष्ट्रात विस्तृत गारपीट होते. २०१४ मध्ये फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांत अशी गारपीट झाली व ऐन तोडणीतील द्राक्षे, डाळिंबे, आंबे यांची मोठी हानी झाली. गारेचा मार फळावर दिसतो, पण फांदीवरील घाव अधिक दूरगामी असतो. साल फुटलेल्या ठिकाणाहून बुरशीचा शिरकाव होतो व पुढील वर्षाची फळधारक काडीच निकामी होते. मोडलेल्या फांद्या नीट कापून, २४ तासांच्या आत एक टक्का बोर्डो मिश्रण (१ किग्रॅ. मोरचूद, १ किग्रॅ. चुना व १०० लि. पाणी) फवारणे हा स्वस्त व भरवशाचा उपाय आहे. गारांचा पट्टा बहुधा अरुंद असतो. एका गावचे शिवार झोडपले जाते व शेजारच्या गावी नुसता गार वारा येतो.   गाररोधक जाळी परिणामकारक असली, तरी तिचा खर्च पाहता ती द्राक्ष-डाळिंबांसारख्या मोलाच्या पिकांपुरतीच परवडते.

पाणीटंचाई : १९७२, २०१२-१३ व २०१५-१६ या वर्षांतील अवर्षणांनंतरचे उन्हाळे बागांची कसोटी पाहणारे ठरले. २०१३ च्या उन्हाळ्यात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या. टँकरने पाणी विकत घेऊन झाडे जगविण्याचे प्रयत्न त्या काळी सर्वत्र दिसत. अशा वर्षी बहार धरण्याचा मोह टाळून झाड वाचविणे हेच उद्दिष्ट ठेवावे लागते. फळे काढून टाकणे, एकतृतीयांश फांद्यांची छाटणी, केओलिनाचा पांढरा फवारा, आच्छादन आणि ठिबक किंवा बुंध्याजवळ पुरलेली मडकी यांनी थोड्या पाण्यावर झाड तग धरते. राहात्याच्या बाबतीत प्रश्न केवळ आकाशाचा नाही. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ मधील समन्यायी वाटपाच्या तत्त्वानुसार तुटीच्या वर्षी गोदावरी खोऱ्यातील वरच्या धरणांतून जायकवाडीकरिता पाणी सोडावे लागते. खालच्या लोकांच्या हक्काचा विचार करता हे तत्त्व योग्यच आहे. तथापि त्यामुळे शतकभर गृहीत धरलेली उन्हाळी आवर्तने तुटीच्या वर्षी घटतात, आणि वर्षातून एकदा पेरून मोकळ्या होणाऱ्या पिकापेक्षा बारमाही झाडाला त्याची झळ अधिक लागते.

हिरवळी व फुलबागा : हिरवळ ही कल्पना पश्चिम यूरोपच्या ओलसर, मंद उन्हाच्या प्रदेशातून आपल्याकडे आली, गवत मात्र आपलेच राहिले. तेथील हिरवळीची गवते १५° ते २४° से. तापमानात उत्तम वाढतात. त्यामुळे १९७६, २०१८ व २०२२ सारख्या कोरड्या, उष्ण उन्हाळ्यांत ब्रिटनमधील हिरवळी पिवळ्या पडल्या व अनेक भागांत नळीने पाणी घालण्यावर बंदी आली. २०१३ मध्ये स्टोनहेंज येथे पाण्याची नळी एका भागापर्यंत पोहोचली नाही आणि तेथील करपलेल्या गवतात नाहीशा झालेल्या शिळांच्या जागा स्पष्ट उमटल्या, हा पुरातत्त्वज्ञांना लाभलेला अनपेक्षित प्रसाद होता.

आपल्याकडील हरळी (सिनोडॉन डॅक्टिलॉन) ३५° से.च्या आसपासही जोमाने वाढते. पाणी तुटल्यास तिची पाती वाळतात, पण भूमिगत खोडे जिवंत राहतात व पहिल्या पावसाबरोबर फुटतात. म्हणून पिवळी पडलेली हरळीची हिरवळ मेली असे समजून उपटू नये. रोपवाटिकांत मिळणारी मऊ, दाट गवते दिसण्यास सुंदर असली, तरी काळ्या जमिनीत व मेच्या उन्हात ती लवकर उघडी पडतात. नगर-नाशिक भागात तर ‘लॉन्स’ हा शब्द आता उघड्यावरच्या मंगल कार्यालयाचाच वाचक झाला आहे! लग्नसराई ऐन उष्म्यात येत असल्याने या हिरवळींवर ऊन व पायदळ यांचा दुहेरी मारा होतो व चिकणमाती घट्ट बसते. रोज थोडे पाणी शिंपडण्याऐवजी चार-पाच दिवसांनी १०–१५ सेंमी. खोल ओल जाईल असे पाणी पहाटे द्यावे, कापणी उंच ठेवावी व लग्नसराई संपताच काट्याने भोके पाडून वाळू भरावी.

फुलझाडांत गुलाबास तीव्र उष्मा मानवत नाही. फुले लहान व फिकट येतात आणि कळी काही तासांत उमलून जाते. शिर्डीच्या बाजारासाठी गुलाब लावणाऱ्यांना त्यामुळे सायंकाळऐवजी पहाटे तोडणी करावी लागते. मोगऱ्यास मात्र हाच उष्मा बहर आणतो, तर पाण्याच्या ताणावर असलेली बोगनवेल अधिकच फुलते.

अवेळी वळवाचा एक परिणाम सहसा ध्यानात येत नाही. हुमणीचे भुंगेरे जमिनीत सुप्तावस्थेत असतात व पहिल्या भिजपावसानंतर संध्याकाळी मोठ्या संख्येने बाहेर पडून कडुनिंब, बाभूळ यांच्या पानांवर जमतात. नंतर माद्या जमिनीत अंडी घालतात; अळ्या ऊस, हिरवळ व फळझाडांची कोवळी मुळे खातात. पाऊस एप्रिल-मेमध्येच झाला, तर भुंगेरेही लवकर निघतात व जूनच्या हिशेबाने आखलेली मोहीम चुकते. झाडे हलवून खाली पडलेले भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यात टाकणे हा उपाय संपूर्ण गावाने एकाच वेळी, पहिल्या पावसाच्या रात्रीपासून सलग काही दिवस केला तरच उपयोगी पडतो. एकट्या बागेपुरता केल्यास शेजारच्या बांधावरील बाभळीवरून भुंगेरे पुन्हा येतात.